फ्रँकलिनचं फर्मान की पेनची पुस्तिका? अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातलं लेखन – एकच उतारा निवडायचाय, मदत हवी

नदीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज मदत हवी म्हणून धागा काढतेय.

मी फिलाडेल्फियापासून पाऊण तासावर राहते. ४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतात, त्या निमित्ताने आमच्या मराठी वाचनगटाने एक संध्याकाळ ठरवली आहे. लढाया, तारखा नकोत, त्या काळातलं लेखन मराठीत वाचायचं, असं ठरलंय. ऐकणारे वीस-पंचवीस. निम्मे सत्तरीपुढचे, मुलांकडे आलेले आईवडील. उरलेल्यांत सहावी-सातवीतली मुलं, ज्यांचं मराठी फक्त कानावरचं आहे. माझ्या वाट्याला दहा मिनिटं आली आहेत, म्हणजे एकच उतारा.

दोन उमेदवार आहेत.

पहिला बेंजामिन फ्रँकलिन. १७७३ चा सप्टेंबर. तेव्हा तो लंडनमध्ये अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींचा प्रतिनिधी म्हणून राहत होता. तिथल्या 'पब्लिक ॲडव्हर्टायझर' या वर्तमानपत्रात त्याने दहा-अकरा दिवसांच्या अंतराने दोन लेख टाकले, दोन्ही स्वतःच्या नावाशिवाय. ११ तारखेच्या लेखात मोठं साम्राज्य लहान कसं करावं याचे वीस नियम सांगितलेत. सुरुवातच अशी की साम्राज्य हे मोठ्या केकसारखं असतं, ते कडेकडेने कमी करायला सोपं, म्हणून आधी दूरच्या प्रांतांकडे लक्ष द्या. मग एकेक नियम: वसाहतीतले लोक कितीही निमूट वागले तरी ते बंड करणार असंच धरून चाला, त्यांच्यात सैन्य नेऊन बसवा, बायकोवर संशय घेऊन तिला छळणाऱ्या नवऱ्यासारखे वागलात की संशय आपोआप खरा होईल. प्रत्येक नियम म्हणजे इंग्लंडने खरोखर केलेली गोष्ट. २२ तारखेचा दुसरा लेख म्हणजे प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाचं खोटं फर्मान.

दुसरा टॉमस पेन. 'कॉमन सेन्स', १० जानेवारी १७७६, फिलाडेल्फिया. यात उपरोध थोडा, बाकी सगळं तोंडावर. एका खंडाने कायम एका बेटाच्या हुकमात राहावं हे विपरीत आहे. निसर्गात उपग्रह ग्रहापेक्षा मोठा कुठे दिसत नाही. बाळ दुधावर वाढलं म्हणून त्याला जन्मभर दुधावरच ठेवणार का?

माझा कल फ्रँकलिनकडे आहे. नवरा म्हणतो, फ्रँकलिनचं वाचून लंडनचे लोक हसले आणि कर तसाच राहिला. पेनचं वाचल्यावर सहा महिन्यांत जाहीरनामा निघाला. मग लोकांची मनं फिरवली कुणी? आणि दहा मिनिटांत काय वाचू?

---

मुक्ता_वाचते

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहिते.

---

इतिहासबाई

नदीकाठ, विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

फ्रँकलिन आणि पेन यांच्याआधी आठ-दहा वर्षं मागे जावं लागेल. १७६५ चा स्टॅम्प कायदा. वर्तमानपत्र, पुस्तिका, दस्तऐवज मुद्रांक लावलेल्या कागदावर हवेत, अगदी पत्ते आणि फाशांवरसुद्धा कर, असा हुकूम. आता हा कर नेमका कुणाच्या खिशाला लागला ते बघा. छापणारे, लिहिणारे, वकील. ज्यांच्या हातात लेखणी आणि छापखाना, त्यांनाच दुखवलं. कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १७६५ ला, 'पेन्सिल्व्हेनिया जर्नल'चा अंक थडग्याच्या दगडासारखा छापून निघाला. वर कवटी, काळ्या जाड रेघा, जणू वर्तमानपत्र वारलं. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही लांबून कळलं की काय झालंय.

मग १७६७ च्या डिसेंबरपासून जॉन डिकिन्सनची बारा पत्रं, 'पेन्सिल्व्हेनियातल्या एका शेतकऱ्याची' म्हणून. हा शेतकरी प्रत्यक्षात लंडनमध्ये शिकलेला वकील. पण पहिल्याच पत्रात तो सांगतो, माझी शेती बेताची, नोकरचाकर थोडे, व्याजावर टाकलेले थोडे पैसे, आणखी हाव नाही. असा समाधानी माणूस कुरकुरतोय म्हणजे कारण खरं असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं. बहुतेक वसाहतींतल्या वर्तमानपत्रांनी ती पत्रं उचलली.

आणि याच डिकिन्सनने १७७६ मध्ये जाहीरनाम्यावर सही केली नाही. स्वातंत्र्याची घाई होतेय असं त्याचं प्रामाणिक मत होतं. ज्याच्या पत्रांनी लोकांना कर नाकारायला शिकवलं, तो स्वतः शेवटच्या पायरीवर थांबला. मला हा माणूस फार आवडतो.

तेव्हा 'कुणी फिरवलं' या प्रश्नाचं उत्तर दोन नावांत बसणार नाही. दहा वर्षं रोज थोडं थोडं फिरत होतं.

---

खिळेजुळारी

बाईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

आमचा सांगली भागात छापखाना होता. वडिलांनी ट्रेडलवर छपाई केली, मी शाळेतून आलो की खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायला बसायचो. केसमध्ये अक्षरांची घरं ठरलेली, हात न बघता जायचा. स्टिकमध्ये ओळ उलटी लावायची, आरशातल्यासारखी वाचायची. एक मात्रा निसटली तर ओळ परत. लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवायलाही वेळ लागायचा. म्हणून मी 'कॉमन सेन्स'कडे आधी छापणाऱ्याच्या नजरेने बघतो.

अख्खी पुस्तिका, एकेक अक्षर हाताने. लाकडी दाबयंत्र, दोन माणसं. एकाने लोकर भरलेल्या चामड्याच्या गोळ्यांनी शाई थोपटायची, दुसऱ्याने ओलसर केलेला कागद ठेवून दांडा ओढायचा. चांगली जोडी असेल तर तासाला दोन-अडीचशे कागद, तेही एकाच बाजूला. मग वाळवायचे, उलटायचे, परत. जानेवारीतल्या फिलाडेल्फियात ओला कागद वाळायला काय वेळ लागत असेल त्याचा विचार करा.

आणि मजकूर कसला, तर राजद्रोह. ते काम रॉबर्ट बेल नावाच्या मुद्रकाने अंगावर घेतलं. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचं नाव नाही, पण बेलचं आणि त्याच्या थर्ड स्ट्रीटवरच्या दुकानाचं आहे. सैनिक शोधत आले असते तर आधी कुणाच्या दारात आले असते?

पुढे दोघांचं फाटलं. पेनने आपला नफ्याचा वाटा क्यूबेकच्या मोहिमेवर गेलेल्या सैनिकांना लोकरी हातमोजे घ्यायला देऊन टाकला होता. बेल म्हणाला, नफा झालेलाच नाही. पेन चिडून ब्रॅडफर्ड बापलेकांकडे गेला आणि वाढीव आवृत्ती काढली. बेल गप्प बसतो काय, त्यानेही आपली आवृत्ती चालूच ठेवली. दोघांच्या भांडणाच्या जाहिराती वर्तमानपत्रात येत राहिल्या आणि पुस्तिका आणखी खपली.

माझं मत पेनला. ज्या पुस्तिकेच्या नफ्यातून गारठलेल्या पोरांना हातमोजे द्यायचे होते, ती वाचा.

---

नदीकाठ

खिळेजुळारी काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो विजयी मुद्रेने फिरतोय.

तुम्ही लिहिलंत ते यंत्र मी बघितलंय. फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीटवर फ्रँकलिनची घरं होती, त्या आवारात आता त्या काळच्या पद्धतीचा छापखाना मांडलाय आणि तिथले कर्मचारी छापून दाखवतात. दांडा ओढताना त्या बाईंनी एक पाय पुढे रोवून सगळं अंग मागे टाकलं, तेव्हा लाकूड असं करकरलं की माझी मुलगी दचकून मागे सरली. कागद उचलला तर मागच्या बाजूला अक्षरं बोटांना लागत होती. आपण छापील अक्षर सपाट समजतो, ते सपाट नव्हतंच.

---

केतन_के

छान धागा. एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण कुणीतरी आकडा टाकणारच. 'कॉमन सेन्स' तीन महिन्यांत १,२०,००० खपली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. तो आकडा पेनचा स्वतःचा आहे. अलीकडचे अभ्यासक तो मानत नाहीत. वर काकांनी सांगितलेला तासाला दोनशे कागदांचा हिशोब लावला तरी शंका येते. तेव्हा वसाहतींची लोकसंख्या गुलाम धरून पंचवीस लाखांच्या आसपास होती.

मात्र १७७६ याच वर्षात गावोगावी तिच्या आवृत्त्या निघाल्या, हे खरं. आणि एक प्रत एकाने वाचली असं नव्हतं. कॉफीहाउसात, खानावळीत, सैन्याच्या तळावर एक वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. त्यामुळे तुमच्या कार्यक्रमाचं स्वरूप त्या काळाला धरूनच आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा

नदीकाठताई, मले एक विचारायचं आहे. सारे जण देशभक्तांचंच सांगून राहिले. दुसऱ्या बाजूनं कोणी लिहिलंच नाही काय?

---

इतिहासबाई

@वऱ्हाडी_ठेचा, फार महत्त्वाचा प्रश्न. लिहिलं, आणि चांगलं लिहिलं.

सॅम्युअल सीबरी हा न्यूयॉर्ककडचा पाद्री. त्याने १७७४ मध्ये 'वेस्टचेस्टरचा शेतकरी' या नावाने राजाच्या बाजूने पुस्तिका लिहिल्या. म्हणजे तिकडे पेन्सिल्व्हेनियाचा शेतकरी, इकडे वेस्टचेस्टरचा शेतकरी, आणि दोघांपैकी नांगर धरणारा कुणीच नाही. सीबरीला खोडून काढायला पुढे आला कॉलेजातला एक पोरगा, अलेक्झांडर हॅमिल्टन. 'कॉमन सेन्स'ला जेम्स चामर्स याने 'प्लेन ट्रुथ' नावाने उत्तर दिलं. यातला योगायोग असा की पेनला आपल्या पुस्तिकेचं नाव आधी तेच ठेवायचं होतं. 'कॉमन सेन्स' हे नाव डॉक्टर बेंजामिन रशने सुचवलं.

पण सगळ्यांना छापू दिलं गेलं नाही, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या जेम्स रिव्हिंग्टनच्या छापखान्यावर नोव्हेंबर १७७५ मध्ये घोडेस्वारांची टोळी चालून आली आणि त्याचे खिळे पोत्यात भरून घेऊन गेली. पुढच्या मार्चमध्ये सॅम्युअल लाउडन नावाच्या मुद्रकाने 'कॉमन सेन्स'चं खंडन करणारी पुस्तिका छापली, तर रात्री घरात शिरून सगळ्या प्रती उचलल्या आणि जाळल्या. हा लाउडन राजाच्या बाजूचासुद्धा नव्हता. दोन्ही बाजू छापाव्यात एवढंच त्याचं म्हणणं.

---

खिळेजुळारी

खिळे पोत्यात भरले म्हणजे संपलंच की हो. खिळे चोरीला जाणं काय असतं ते ज्याने सोसलंय त्याला विचारा. घर बांधायला जेवढा पैसा लागायचा तेवढा त्यात अडकलेला असायचा. हे वाचून वाईट वाटलं, माझ्या लाडक्या बाजूच्या लोकांनी केलं म्हणून जास्त.

---

वऱ्हाडी_ठेचा

धन्यवाद बाई. म्हणजे मनं फिरवली त्यात थोडं मशालीनंही काम केलं, असंच ना. हे सांगितल्याबिगर कार्यक्रम पुरा नाही होत.

---

अनवाणी

मला इथे थोडं कडू बोलायचंय.

'आम्हाला गुलाम केलं जातंय' हे वाक्य त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत आहे. लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात गुलाम होते. डिकिन्सनकडे होते. फ्रँकलिनकडे होते, आणि त्याच्या 'पेन्सिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जायच्या. लंडनमधून डॉ. सॅम्युअल जॉन्सनने १७७५ मध्ये विचारलं, स्वातंत्र्याची सगळ्यात मोठी ओरड गुलाम हाकणाऱ्यांकडूनच का ऐकू येते? तो सरकारच्या बाजूने लिहीत होता हे मान्य, पण प्रश्न चुकीचा ठरत नाही.

आणि याच्याही आधी हे बोलली फिलिस व्हीटली. सात-आठ वर्षांची असताना आफ्रिकेतून आणून बॉस्टनच्या बाजारात विकलेली मुलगी. १७७३ मध्ये तिच्या कवितांचं पुस्तक लंडनला निघालं. ११ फेब्रुवारी १७७४ ला तिने सॅमसन ऑकम या मोहिगन या मूळनिवासी जमातीतल्या पाद्र्याला पत्र लिहिलं. देवाने प्रत्येक माणसाच्या काळजात स्वातंत्र्याची ओढ ठेवली आहे, असं म्हणून ती पुढे, ज्यांचे शब्द आणि कृती एकमेकांच्या अगदी उलट आहेत अशा लोकांच्या विचित्र वागण्याबद्दल लिहिते. ते पत्र न्यू इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. म्हणजे कराच्या रागाने बॉस्टनच्या बंदरात चहा फेकणाऱ्या लोकांनी ते वाचलं असणार.

तुमची दहा मिनिटं मी तिला देईन. ज्या लढ्यात सगळे 'गुलामी' हा शब्द उपमा म्हणून वापरत होते, त्यात तो शब्द खरा जगलेली बाई लिहीत होती.

---

मुक्ता_वाचते

अनवाणी, +१. फिलिस व्हीटली आलीच पाहिजे.

मी दुसऱ्या एका बाईबद्दल लिहायला आले होते. मर्सी ओटिस वॉरन. मॅसॅच्युसेट्सची. भावाला कॉलेजात पाठवलं; ही भावांच्या शिकवणीला बसून शिकली. १७७२ मध्ये तिचं नाटक 'मॅसॅच्युसेट्स स्पाय' या वर्तमानपत्रात आलं, बिननावाने. त्यात 'अप्पर सर्व्हिया' नावाचा कल्पित देश आणि त्याचा जुलमी कारभारी रापाशिओ. वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं की हा आपला गव्हर्नर हचिन्सन. गंमत म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये १७५० पासून नाटकांना कायद्याने बंदी होती. तिने नाटकं लिहिली ती रंगमंचावर कधी चढायचीच नव्हती, घराघरांत वाचली जायची होती. ती स्वतः तरी कुठे नाटक बघायला गेली असणार!

१७७५ मध्ये 'द ग्रुप' आलं. त्यात राजाच्या मर्जीतले अधिकारी एकत्र बसून आपण कुठल्या लोभापायी इमान विकलं ते एकमेकांना सांगतात. पुढे कित्येक वर्षांनी ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर टाकलं गेलं. १८१४ मध्ये, पंच्याऐंशी ओलांडलेल्या मर्सीबाईंनी जॉन ॲडम्सला पत्र लिहून विनंती केली की हे माझं आहे याची साक्ष दे. ॲडम्स बॉस्टनच्या ग्रंथालयात गेला आणि तिथल्या प्रतीवर तिचं नाव लिहून आला. त्याच वर्षी ती वारली.

बिननावाने लिहिणं पुरुषांना राजापासून वाचवायचं. बाईच्या बाबतीत तेच नाव पुसून टाकायचं. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

---

केतन_के

नाव लपवण्याचा विषय निघालाच आहे तर फ्रँकलिनची काळी बाजूही सांगतो, कारण इथे त्याचं फार कौतुक चाललंय.

१७८२. तो फ्रान्समध्ये पासीला होता, घरातच छोटा छापखाना. त्याने बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राची हुबेहूब खोटी पुरवणी छापली. खालच्या जागेत घर विकणे आहे, घोडा हरवला आहे अशा खोट्या जाहिरातीसुद्धा. आणि मुख्य बातमी अशी की सेनेका या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी कापलेल्या वसाहतवाल्यांच्या टाळूंचे गठ्ठे, बायका-मुलांच्या धरून, इंग्लंडच्या राजाला भेट म्हणून पाठवले जात आहेत. सगळं मनाने रचलेलं. इंग्लंडला लाज वाटावी आणि तहात फायदा व्हावा, हा हेतू. पण ते खोटं खरं म्हणून पुढे कित्येक वर्षं छापलं जात राहिलं आणि त्याची किंमत मोजली ती मूळनिवासी लोकांनी. जाहीरनाम्यातली राजावरची शेवटची तक्रारही त्यांना 'निर्दय रानटी' म्हणूनच येते.

प्रशियाचं फर्मान वाचून शहाणा माणूस दोन मिनिटांत ओळखतो की ही थट्टा आहे. ती ओळखली जावी म्हणूनच लिहिलीय. ही पुरवणी ओळखली जाऊ नये म्हणून लिहिली होती. मी पहिल्याला उपरोध म्हणेन, दुसऱ्याला म्हणणार नाही.

---

इतिहासबाई

केतन, मान्य. हा फरक मुलांना सांगण्यासारखा आहे.

पण अनवाणी, फ्रँकलिनचं शेवटचं लेखनही विसरू नका. म्हातारपणी तो पेन्सिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. १७९० मध्ये त्याच्या सहीचा अर्ज नव्या काँग्रेसपुढे गेला, तेव्हा जॉर्जियाचा जेम्स जॅक्सन गुलामगिरीच्या बाजूने लांबलचक बोलला. फ्रँकलिन अंथरुणाला खिळलेला. त्याने वर्तमानपत्राला पत्र पाठवलं: जॅक्सन यांचं भाषण वाचून मला शंभर वर्षांपूर्वीचं अल्जीयर्सच्या एका दरबाऱ्याचं भाषण आठवलं. तो सिदी मेहेमेत इब्राहिम म्हणतो, ख्रिश्चनांना गुलाम करणं सोडलं तर आपली शेतं कोण कसणार? सोडून दिलं तर ते जातील कुठे? आपल्याकडेच ते सुखी आहेत. जॅक्सनचाच प्रत्येक युक्तिवाद, फक्त कातडीचा रंग उलटा. दरबारी अर्थातच कल्पित. पत्र मार्चअखेरचं, आणि १७ एप्रिलला फ्रँकलिन गेला.

माणूस बदलू शकतो, आणि बदलल्यावर आयुष्यभराचं हत्यार नव्या कामाला लावू शकतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

अनवाणी

हे पत्र मला माहीत नव्हतं. मनापासून आभार, बाई.

आपल्या मातीतला धागाही इथेच जोडतो. पेनने पुढे १७९१-९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' लिहिलं. ते पुस्तक १८४७ च्या सुमाराला पुण्यात एका वीस वर्षांच्या तरुणाच्या हाती पडलं. जोतीराव फुले. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आली तेव्हा जोतीरावांनी ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करायला झीज सोसली. आणि लिहिण्याची रीत बघा. धोंडीबा विचारतोय, जोतीराव सांगताहेत, मत्स्य-कूर्म-वराहाच्या कथा एकेक करून उलटून बघितल्या जात आहेत. जे पवित्र म्हणून हात लावायचा नाही, त्याला साधे प्रश्न विचारायचे. पेनने राजाच्या वंशाचं हेच केलं होतं: तुमचा मूळपुरुष विल्यम कोण, तर सशस्त्र लुटारू घेऊन उतरलेला एक फ्रेंच अनौरस.

---

इतिहासबाई

वा! आणखी एक धागा हिंदुस्थानचा. बॉस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ ला चहाच्या ३४२ पेट्या फेकल्या, त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या. त्याच महिन्याभरात डिकिन्सनने 'रस्टिकस' या नावाने लिहिलं की या कंपनीने आशियात माणसांच्या हक्काची आणि जिवाची काय कदर ठेवली ते सगळ्यांनी पाहिलंय. बंगालचा १७७० चा दुष्काळ ताजा होता. आणि १७७५ च्या मार्चमध्ये पेनने 'पेन्सिल्व्हेनिया मॅगझिन'मध्ये क्लाइव्हवर लेख लिहिला. क्लाइव्हने आदल्याच नोव्हेंबरात जीव दिला होता. 'कॉमन सेन्स'च्या दहा महिने आधी हा माणूस बंगालबद्दल लिहीत होता. तिकडचे लोक आपलं नशीब आमच्या नशिबाशी ताडून बघत होते.

---

संपादक मंडळ

धागा फार छान चाललाय. हिंदुस्थानच्या धाग्यावर वेगळी चर्चा सुरू करावी ही विनंती, इथे मूळ प्रश्न राहू द्या.

---

बखरवाचक

मूळ प्रश्नावर येतो. मी मोडी शिकतोय, जुनी आज्ञापत्रं वाचणं हा माझा रोजचा विरंगुळा. फर्मान वाचायचं तर आजच्या मराठीत त्याची मजा जाते. मूळ इंग्रजी लेखही सरकारी हुकमाच्या भाषेत आहे. म्हणून काल रात्री बसून थोडं करून बघितलं:

"ईश्वरकृपेकरून प्रशियाधीश राजे फ्रेडरिक यांजकडून ब्रिटन बेटांतील समस्त रयतेस आज्ञा केली ऐसी जे – सकळ जगास विदितच आहे की, तुमचे बेटांत पहिली वस्ती आमचे वडिलांचे मुलखांतून निघालेल्या हेंगिस्ट, होर्सा आदिकरून सरदारांनी केली. आमचे छत्राखाली तुम्ही नांदत आला. मागील युद्धी फ्रान्सकरांपासून तुमचे रक्षण आम्ही केले. ऐसे असता सरकारांत वसूल म्हणावा तैसा पावत नाही. सबब तुमचे बेटांत येणारे व जाणारे मालावर दर शेकडा साडेचार जकात बसविली असे. जहाजे प्रथम कोनिग्सबर्ग बंदरी लावावी, माल उतरावा, झडती द्यावी, जकात भरावी, मग पुढे जावे. टोप्या एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नयेत. टोप्यांवाचून खोळंबा होईल तरी कातडी आम्हांकडे पाठवावी, टोप्या करून देऊ. जाण्यायेण्याचा खर्च तुम्हीच सोसावा. आमचे तुरुंगांतील चोर, दरोडेखोर, खुनी तुमचे बेटाची वस्ती वाढावी म्हणोन पाठवू. जाणिजे."

टोप्यांवरचे, लोखंडावरचे असे निर्बंध इंग्लंडने वसाहतींवर खरोखर लादले होते. टोप्यांचा कायदा १७३२ चा, लोखंडाचा १७५० चा.

---

मुक्ता_वाचते

"तरी कातडी आम्हांकडे पाठवावी"!! बखरवाचक, दंडवत. वाचनखूण साठवली.

---

नदीकाठ

बखरवाचक, मी हे मोठ्याने वाचलं आणि सासरे आतल्या खोलीतून उठून आले. ते निवृत्त तलाठी. म्हणाले, हे मी वाचणार, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

या फर्मानाची एक गोष्ट फ्रँकलिनने आपल्या मुलाला पत्रात लिहिली आहे. तो एका लॉर्डच्या घरी पाहुणा होता. सकाळी सगळे गप्पा मारत बसलेले, इतक्यात पॉल व्हाइटहेड नावाचा एक गृहस्थ हातात वर्तमानपत्र घेऊन धावत आला, "अहो, प्रशियाचा राजा आपल्या राज्यावर हक्क सांगतोय!" सगळे दचकले. दोन परिच्छेद वाचून झाल्यावर एकाने फ्रँकलिनच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, ही तुमच्या अमेरिकन थट्टांपैकी एक दिसतेय. ज्या मुलाला हे पत्र गेलं तो विल्यम न्यू जर्सीचा राजाने नेमलेला गव्हर्नर होता, आणि शेवटपर्यंत राजाच्याच बाजूने राहिला. जगाला पटवणाऱ्या बापाला घरात पटवता आलं नाही.

---

खिळेजुळारी

फर्मान झकास झालंय, पण मी मागे हटत नाही. फ्रँकलिनने ज्यांना हसवलं ते आधीच अर्धे पटलेले होते. पेनने न पटलेल्यांना हात घातला.

---

केतन_के

काका, यावर जॉर्ज वॉशिंग्टनचं मत आहे. ३१ जानेवारी १७७६ च्या पत्रात तो 'कॉमन सेन्स'चा युक्तिवाद बिनतोड आहे म्हणतो. पण त्याच वाक्यात, त्याच्याही आधी, तो फालमथ आणि नॉरफोकमध्ये दिसलेल्या 'धगधगत्या युक्तिवादां'चं नाव घेतो. इंग्रज आरमाराने ऑक्टोबर १७७५ मध्ये फालमथ जाळलं होतं, आणि १ जानेवारीला नॉरफोकवर तोफा डागल्या होत्या. पेनची पुस्तिका नॉरफोकनंतर नवव्या दिवशी आली. घरं जळताना बघितलेल्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं की आता अर्ज करणं थांबव. ते पेनने सांगितलं.

मला वाटतं, फ्रँकलिनच्या लेखांनी राजाचा धाक थोडा कमी केला, आणि पेनने पुढे काय करायचं ते सांगितलं. धाक असतानाच पेन आला असता तर लोकांनी पुस्तिका घाबरून जाळली असती.

---

खिळेजुळारी

हे पटलं.

---

नदीकाठ

आज रंगीत तालीम झाली, म्हणून कळवतेय.

फर्मान सासरे वाचतात, सहा मिनिटं. त्यानंतर फिलिस व्हीटलीच्या पत्रातल्या चार ओळी माझी मुलगी वाचते. अनवाणी, तुमचं म्हणणं मला टाळता आलं नाही, आणि टाळायचंही नव्हतं. पेन नवऱ्याने स्वतःच्या वेळात घेतला. काका, तो हातमोज्यांची गोष्ट सांगणार आहे. रिव्हिंग्टनचे खिळेही सांगणार आहे, वऱ्हाडी_ठेचा यांच्या म्हणण्याखातर.

सासऱ्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून, चावडीवर वाचावं तसं वाचलं. मुलं गप्प. 'जाणिजे' झाल्यावर शेजारची सातवीतली मुलगी इंग्रजी-मराठी मिसळून विचारते, "आजोबा, म्हणजे इंग्लंड खरंच जर्मनीचं होतं? मग त्यांनी टॅक्स भरला का?" सासऱ्यांनी कागद खाली घेतला आणि म्हणाले, "तू इंग्लंडमध्ये असतीस तर भरला असतास?" ती लगेच म्हणाली, "नाही! का म्हणून?"

---

बखरवाचक

ताई, सासऱ्यांना सांगा, 'आज्ञा केली ऐसी जे' नंतर एक श्वास थांबायचं. चावडीवर तिथे थांबत.

---

नदीकाठ

सांगितलं. म्हणाले, "मला शिकवतो का तो? मी थांबलो होतो."